बिनतर्रीचा सॉस

वयनी, आज खिमा आणला.

अर्धा किलो. खाटकानं सवयीनं विचारलं, "काय गुड्डी, पाव्हणे आले का घरी?" मी म्हणली, "नाही." त्याले आठवलं असंन का या घरी कोणी आलं नाही, एक माणूस गेलं हाय. त्यानं खिमा मुकाट्यानं दोन खेपा बारीक करून देला. मी न सांगता.

तू जाऊन अठरा दिवस झाले. अठरा दिवसांत मी एकबी नक्कल केली नाही. तुले खरं नाही वाटणार. हेडमास्तरचं खोकलणं नाही, राशन दुकानवाल्याचं "अंगठा दाब, जोरानं दाब" नाही, आमगाव टेशनवरची "कृपया ध्यान दें" वाली बाई नाही. परवा शेजारची काकू मले पाहून म्हणली, "पोरगी शहाणी झाली." मले असा राग आला! मी शहाणी नाही झाली वयनी, मी बंद पडली.

तुले एक गोष्ट सांगायची होती. मेळाव्याची. सांगायले दीड वर्ष होतं माह्यापाशी, तू बाजूच्याच खोलीत होती, मधात निस्ता पडदा होता. नाही सांगितलं. आज सांगू, उद्या सांगू. आता तू नाहीस तं मोठी कागद घेऊन बसली हाय.

पण खिमा काऊन आणला ते पहिले ऐक. काल मायनं भातासाठी तांदळाच्या ड्रममधी हात घातला, अन् तांदळातून पोंग्यायचं पाकीट निघालं. शीलबंद. तू दवाखान्यात गेली त्याच्या आठ-दहा दिवस आधी तूच गोंदियाले गेली होती, तवाच आणलं असंन. कीडा नको लागाले म्हणून तांदळात खुपसून ठेवलं असंन. माय ते पाकीट हातात धरून ड्रमपाशीच बसली. दीड वर्ष तू त्या वस्तूचं नाव काढलं नाही. मंग काऊन आणलं? कोणासाठी आणलं? दादाले इचारलं, त्याले मालूम नाही. बाबाले मालूम नाही. ज्याले मालूम ते माणूस...

पोंगे. आजबी आपण त्याले पोंगेच म्हणून राहिलो, पाह. तू लग्न होऊन आली अन् पहिल्याच महिन्यात ते नळ्या-नळ्यायचं पाकीट आणलं. मायले वाटलं सून तळायचे पोंगे घेऊन आली. तू आंघोळीले गेली अन् मायनं कढई चढवली. कडकडीत तेल. मूठभर टाकले. ते फुगायचे कायचे? बुडाशी जाऊन बसले, लाल झाले, काळे झाले. माय झारा घेऊन वरडून राहिली, "अवो शीतल, हे कायचे पोंगे आनले वो? हे तं फुगतच नाई!" बाबानं एक तोंडात टाकला. कटकन आवाज आला. "हे दगडं कोनं तळले?" तू ओल्या केसानं पळत आली, कढईत पाह्यलं अन् तिथीच भिताडाले टेकून खाली बसली. हसू हसू. "आई, तो पास्ता हाय, पाण्यात उकडायचा असते!"

"पोंगे उकडते का कोनी?" माय म्हणली. "नागपुरात काईबी करतेत."

दुसऱ्या दिवशी मी आख्ख्या मोहल्ल्यात तो प्रकार करून दाखवला. मायचा झारा, बाबाचा दात, तुहं हसणं. तू दारात उभी राहून पाहून राहिली होती. मी झाल्यावर तू टाळ्या वाजवल्या अन् म्हणली, "ही पोरगी नाही वो, टेप हाय. आपण बोललेलं पुरं भरून ठेवते." तवापासून मी तुही टेप. "ए टेप, चाय मांड." "ए टेप, दादाले हाक मार, माह्या आवाजात मार, लवकर येते."

मंग त्या इतवारी तू सॉस केला. आम्हाले सॉस म्हणजे समोस्यासंगचा लाल. तू म्हणली, हा वेगळा. लग्नाआधी चार वर्षं तू नागपूरले एका कॅफेच्या किचनमधी होती, पहिले निस्ते कांदे कापले, मंग त्याइनं तुले गॅसवर उभं केलं. त्याचा तुले किती गर्व होता! कांदा बारीक, गाजर बारीक, अन् तिथी कोणतीतरी हिरवी दांडी टाकत ते आमगावात कुठी भेटंन? तू सांभाराच्या काड्या घेतल्या, कॅफेत ज्याले कोथिंबीर म्हणत. पानं मायले देले, काड्या आपण ठेवल्या. मंग खिमा. तो परतू परतू बुडाले चिटकू देला, मंग खरडून काढला. अन् मंग तू त्याच्यात कपभर दूध ओतलं.

मायनं तोंडाले पदर लावला. "मटनात दूध? अंगावर कोड फुटते वो बाई!"

"आई, मी चार वर्षं खाल्लं." तू बाह्या वर करून हात दाखवले. "पाहा, कुठी हाय कोड?"

मायनं खरंच पाह्यलं. दोन्ही हात उलटेपालटे करून. मले आता आठवते का तुहे हात किती पांढुरके होते, नखं पिवळीसर होते. तवा मी निस्ती हसून राहिली होती.

टमाटे आंबट निघाले तं तू मामाच्या सालेकस्याहून आलेली वाळली मोहफुलं गरम पाण्यात भिजवली अन् ते पाणी टाकलं. बाबा बाहेरून आले, नाक वर केलं. "बुद्धाच्या घरात मोहाचा वास कायचा?" तू म्हणली, "बाबा, फूलच हाय, पोटात गेल्यावर चढत नाही." बाबा हसले. तुह्याआधी मी बाबाले सुनेसारख्या माणसासंग हसताना पाह्यलं नव्हतं, कारण सूनच नव्हती म्हणा.

तीन घंटे लागले. तीन! मायनं दोनदा इचारलं का गॅस खराब हाय का. मी दर दहा मिनिटांनी झाकण काढून पाहो अन् तू माह्या हातावर चमचा मारो. अन् तू उभी कशी राहे! उजवा पाय उचलून डाव्या पिंढरीले लावलेला, कंबर ओट्याले टेकलेली, एक हात कंबरेवर, मान जरा तिरपी. बगळ्यावानी. अन् बोलणं ते नागपुरी, लांबवून लांबवून: "घाई नको करू वोऽऽ. त्याले त्याच्या टाइमनं होऊ दे."

जेवायले बसलो तं मायनं सगळ्यायच्या ताटात पहिले भात वाढला. तू म्हणली, "आई, भात नको, हे पोंग्यासंग खायचं." माय म्हणली, "भात नाई तं जेवन कायचं?" अन् सॉस भातावर ओतला, पोंगे बाजूले भाजीवानी ठेवले. मंग चमच्यानं सॉस खालवर केला, पातेल्यात डोकावली अन् म्हणली, "शीतल, समदं बेस हाय. पन तर्री कुठी हाय?"

तू डोक्याले हात लावला. इथी वर लाल तेलाचा थर नाही तरंगला तं त्या मटनाले कोणी मटन नाही म्हणत, हे तुले नागपूरच्या पोरीले मालूम होतं, पण घरातच, पहिल्याच ताटाले? तू म्हणली, "तर्री असली तं सॉस बिघडला म्हणून समज." माय म्हणली, "नसली तं माणूस बिघडला." भात का पोंगे, तर्री का बिनतर्री, हे आपलं भांडण मंग मेळाव्यापर्यंत चाललं. मी कायम मायच्या बाजूनं. मले पोंग्यासंगच आवडे, वयनी. ते बी सांगायचं राहिलं. निस्तं तुले चिडवाले भात घेत होती मी.

त्या दिवशी संध्याकाळी मी अंगणात तुही नक्कल केली. पाय वर, कंबर तिरपी, "घाई नको करू वोऽऽ." तू डोळ्यातून पाणी येवस्तर हसली. "पुन्हा कर, ए टेप, पुन्हा कर." मी केली. मंग जो पाव्हणा येईन त्याच्यापुढं केली. तूच म्हणे, "दाखव ना यायले."

आता मेळाव्याचं.

बचत गटाचा मेळावा, थंडीचे दिवस. सगळ्या बायायनं भजे, मिसळ, तर्रीपोहे ठेवले. तू म्हणली मी सॉस अन् पोंगे ठेवतो. गटाच्या अध्यक्ष बाईनं तोंड वाकडं केलं, पण तू ऐकली नाही. आदल्या दिवसापासून कापत होती. सकाळी अंधारातच तिथी गेली, थंड्या पाण्यानं भांडे धुतले, मोठं पातेलं चढवलं. दुपारी मी आली, अन् मले मेळाव्याच्या माइकवर बसवलं होतं, काऊन का मीच एक बोलकी. दुकानादुकानाचं नाव घ्यायचं, गिऱ्हाईक बोलवायचं.

तुह्या दुकानापाशी कोणी नव्हतं. सगळे तर्रीपोह्यापाशी. मी माइकवरून पाह्यलं, तू एकटी उभी. पाय वर, कंबर टेबलाले टेकलेली. मले वाटलं मी तुले गिऱ्हाईक आणून देतो. खरंच तेच वाटलं, शपथ. मी माइक घेऊन मंडपाच्या मधात उभी राह्यली, पाय वर केला, कंबरेवर हात ठेवला अन् तुह्या आवाजात चालू झाली: "या वोऽऽ, या! तीन घंटे शिजवलं! दूध टाकलं! फूल टाकलं! समदं टाकलं, तर्रीच नाही टाकली वोऽऽ! तर्री कायले पायजे? त्याले त्याच्या टाइमनं होऊ द्या!"

मंडप फुटला. बायायचे पोट दुखले. पोरं शिट्ट्या मारून राहिले. "अजून! अजून!" मी अजून केली. लंगडत लंगडत तुह्या दुकानापर्यंत गेली, एका पायावर. लोकं आले, तुह्याकडं नाही, मले पाहायले. तुह्या पातेल्यात डोकावले, "खरंच तर्री नाही गा!" म्हणले, अन् तर्रीपोह्याकडं परत गेले.

तू हसून राहिली होती. मी पाह्यलं होतं, तू हसून राहिली होती. म्हणून तं मी थांबली नाही.

अर्धंअधिक पातेलं परत आलं. घरी मायनं तीन दिवस भातावर वाढलं. अन् बाजारात तुहं नाव पडलं: बिनतर्रीची वयनी. भाजीवाली म्हणे, चक्कीवाला म्हणे, पोरं सायकलवरून वरडत, "बिनतर्रीऽऽ!" तू हात हालवे. मंग तू सॉस करणं सोडलं. एक महिन्यानं मी इचारलं, "काऊन वो वयनी, करत नाहीस?" तू म्हणली, "कंटाळा आला वो त्याचा." अन् मी मानलं! लोकायच्या खोकल्यावरून ओळखतो मी कोणाले काय झालं ते. तुह्या त्या एका वाक्यातला आवाज मले ऐकू नाही आला.

एक डाव तू मले म्हणली होती, "तू ऐकते मस्त, गुड्डी. पाहत नाहीस." मी लगेच तुह्याच आवाजात म्हणली, "तू पाहत नाहीऽऽस वोऽऽ." तू पुढं बोललीच नाही. काय बोलणार होती?

मंग दवाखाना. गोंदियाले तुले नेलं त्या दिवशी तुही छाती भरून आली होती, श्वास लागत नव्हता. नर्सबाईनं कागद भरता भरता दादाले इचारलं, "पायाचं दुखणं कधीपासून?" दादा म्हणला, "पहिलेपासून. सिकल हाय तिले. लहानपणापासून." मी दादाच्या तोंडाकडं पाहत राह्यली. त्याले मालूम होतं. लग्नाआधीच तू त्याले सांगितलं होतं अन् घरी नको सांगू म्हणली होती. आपल्या भागात किती लोकायले असते हे सिकल सेल, रक्ताचं दुखणं, शाळेत आमचं रक्त तपासायले येत, मी त्या तपासणाऱ्या बाईचीबी नक्कल करत होती. अन् घरातलीच बाई, तिचे पांढुरके हात, पिवळे नखं. मायनं कोड पाहायले ते हात उलटेपालटे केले तवा मी बाजूलेच उभी होती.

तू पलंगावर पडली होती. उजवा पाय उचलून, डाव्या पिंढरीले लावलेला. झोपेतबी. अन् मले समजलं, वयनी, का तो बगळा नव्हता. ते दुखणं होतं. तू तीन घंटे ओट्यापाशी त्या दुखण्यावर उभी राहत होती, अन् मी ते दुखणं उचललं, जसंच्या तसं उचललं, अन् माइकवर आख्ख्या आमगावाले दाखवलं. लंगडत लंगडत.

हे सांगायचं होतं. पलंगापाशी तीन दिवस होती मी. तिसऱ्या दिवशी तू डोळे उघडले, मले पाहून म्हणली, "टेप, कर ना एखादी." मी राशनवाला केला. तुले हसू आलं, खोकला आला, नर्सबाईनं मले भाईर काढलं. माफी मागायची तं राशनवाला केला मी! "अंगठा दाब, जोरानं दाब." हे माहं तुह्यासंगचं शेवटचं बोलणं हाय. कोणाले सांगू हे?

तुह्यावर राग बी येते. काऊन नाही सांगितलं तू? एक शब्द. "गुड्डी, पाय दुखते म्हणून तसा ठेवतो." एवढं. मी काय राक्षस होती का? पण मंग वाटते, तू सांगितलं असतं तं मी पहिले तेच करून दाखवलं असतं, "पाऽऽय दुखते वोऽऽ." मले मी मालूम हाय.

अन् तूच ती का जिनं कॉलेजच्या गॅदरिंगले माहं नाव माह्याआधी देलं. मी स्टेजवर गेली अन् पहिले दोन मिनिटं कोणी हसलंच नाही, मेल्यावानी शांत. अन् तिसऱ्या लायनीतून एकटीच बाई हसली, मोठ्यानं, बेशरमासारखी. तिचं पाहून बाजूचे हसले, मंग सगळे. मी घरी येऊन म्हणली, "माही एंट्री जबरी होती ना?" तू म्हणली, "हो, जबरी होती." मी आयुष्यात जेवढे हसू कमावले त्याच्यातलं पहिलं तुहं होतं. तेच मी इकून खाल्लं.

तुह्या पुण्यानुमोदनाले आलेले लोकं गेल्यावर दादा पायरीवर बसला होता, पांढऱ्या शर्टात. मी बाजूले बसली. म्हणली, "दादा, त्या मेळाव्याच्या दिवशी वयनी काही म्हणली का माह्याबद्दल?" दादा म्हणला, "म्हणली ना. म्हणली, गुड्डी पाय बी बरोबर पकडते गा. कोणता पाय, किती वर, समदं. इतके डॉक्टर झाले, कोणाले एवढं बरोबर नाही सापडलं."

"हसून म्हणली का रडून?"

"गुड्डी, मी तिच्या तोंडाकडं नाही पाह्यलं," दादा म्हणला. "मी गाडी धुवून राह्यलो होतो."

बस. तेवढंच. आम्ही दोघं भाऊबहीण सारखेच.

तं आज खिमा आणला. मायचं म्हणणं होतं का एक ताट तुह्या फोटोपुढं ठेवू. बाबा म्हणले, "आपल्यात तसं नाही. ती फोटोत खायले येत नाही. सुरेशले खाऊ घाला, चार दिवस झाले त्यानं अन्नाले हात लावला नाही." दादाचं नाव बाबाइनं असं कितीक दिवसांनी घेतलं.

दुपारी मी ओट्यापाशी उभी राह्यली. कांदा, गाजर, सांभाराच्या काड्या. दूध ओतलं तवा माय काही बोलली नाही. ती अंगणात सुपात तांदूळ निवडून राहिली होती. टमाटे टाकले. किती वेळानं मोहाचं पाणी टाकायचं ते मले आठवेना, मी अंदाजानं टाकलं. गॅस मोठा केला. मंग वाटलं हे नाही होत, जराशी तिखटाची भुकटी अन् तेल टाकून तर्री आणू, दादा दोन घास तरी खाईन. डब्याले हात घातला. अन् वयनी, मी नाही केलं, ते आपल्याआप तोंडातून निघालं. पुरं तुहं. लांबवलेलं.

"घाई नको करू वोऽऽ."

अंगणातून माय म्हणली, "नाई करत वो, शीतल. होऊ दे निवांत."

मंग सूप खाली पडल्याचा आवाज आला.

माय दारात आली. तिच्या हाताले तांदळाचा भुसा लागलेला. मले वाटलं आता मारते. मारलं असतं तं बरं झालं असतं. मी म्हणली, "माय, चुकलं. मी जाणून नाही केलं." माय आत आली, खाली बसली, भिताडाले टेकून, अन् माह्या तोंडाकडं पाहून म्हणली, "अजून बोल."

मी तिच्यापुढं खाली बसली.

"अजून बोल ना वो. मी आयकतो."

मी डोळे मिटले अन् बोलली. "तर्री कायले पायजे, त्याले त्याच्या टाइमनं..."

"हे नाई." मायनं हात हालवला. "हे तं तू मेळाव्यात बोलली होती. लोकायचं नको. तिचं बोल. रोज सकारी ती चुलीपाशी येऊन माह्या कानात एकच गोष्ट मने. थे बोल."

मी तोंड उघडलं. काही नाही आलं. हेडमास्तरचा खोकला हाय माह्यापाशी, टेशनवाली बाई हाय, राशनवाला हाय, तुहे हसायजोगे सगळे वाक्य हायेत, एकन् एक. हसायजोगं नव्हतं ते मी कधी भरलंच नाही. तीन वर्षं रोज सकाळी तू माह्या मायच्या कानात काहीतरी म्हणत होती, अन् मी पडद्याच्या इकडं पांघरूण घेऊन पडली राहत होती.

सॉस बुडाले लागल्याचा वास आला. मायनं बी नाही उठून पाह्यलं, मी बी नाही.

"नाई येत?" मायनं इचारलं.

"नाही येत, माय. काय म्हणे ती? तू सांग, मी तिच्या आवाजात म्हणून दाखवतो."

मायनं मान हालवली. "मी सांगून तू मनली तं थे माहंच झालं ना वो. तिचं कुठी राह्यलं?"

अन् ती उठून अंगणात गेली, सांडलेले तांदूळ येचायले.

काय म्हणत होती वो तू, वयनी?